बाण लागल्यानंतर

बंदुकीची शिकार लपत नाही. बार उडाला की दोन शिवारांपलीकडच्या माणसालाही कळतं, आज कुणाला तरी काही तरी मिळालं. धनुष्याचं तसं नाही. दोरीचा आवाज जवळच्या जवळ विरतो, बाण लागलेलं हरीण शे-दीडशे पावलं धावून झाडीत पडतं आणि रान पुन्हा होतं तसं होतं. शिकाऱ्याशिवाय कुणाला पत्ता नसतो. त्यामुळे धनुष्यवाल्याची शिकार बाण लागला म्हणून संपायची नाही. हरीण चार जणांना दाखवायचं, कुणाकडून तरी मोजून घ्यायचं, कुठे तरी टाचून ठेवायचं, हा तिचा उत्तरार्ध असायचा. मिशिगनमध्ये चार दशकं राहून, स्वतः कधी धनुष्य न उचलता, मी हा उत्तरार्ध फार जवळून पाहिला. आता तो जवळजवळ सगळाच फोनमध्ये गेला आहे आणि त्याची मला मनापासून हुरहूर वाटते.

मी मूळचा कोल्हापूरचा. नव्या राजवाड्यातलं संग्रहालय शाळेच्या सहलीत पाहिलेलं, पेंढा भरलेले वाघ पाहून रात्री घाबरलेलो. शिकारीची आठवण भिंतीवर लावणं हे राजेरजवाड्यांचं काम, असं तेव्हापासून डोक्यात बसलं होतं. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर तर आमच्या पिढीला शिकार म्हणजे संग्रहालयातलीच गोष्ट झाली. पुढे मोटारींच्या धंद्यातली नोकरी धरून डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहायला आलो, आणि शेजाऱ्यांनी पहिल्यांदा घरी बोलावलं तेव्हा त्यांच्या बैठकीत, सोफ्याच्या बरोब्बर वर, हरणाचं डोकं. घरमालक मोटार कारखान्यात साचे बनवणारे कारागीर होते. इथे रानातलं जनावर सगळ्या जनतेचं मानलं जातं. परवाना काढला की कामगारही शिकारी. आमची मुलं पुढे त्यांना ‘आजोबा’ म्हणायला लागली, म्हणून मीही इथे आजोबाच म्हणतो.

१ ऑक्टोबरला धनुष्याचा हंगाम उघडतो आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीचा. त्या पंधरा तारखेला मिशिगनमधल्या कितीतरी शाळांना सुट्टी असते. उत्तरेकडच्या गावांत ‘बक पोल’ उभा राहतो: आडवा ओंडका, त्यावर ओळीने टांगलेले नर, आणि समोर गरम कॉफी घेऊन जमलेलं गाव. पण हा थाट मुख्यतः बंदुकवाल्यांचा. धनुष्यवाला ऑक्टोबरातल्या एखाद्या मंगळवारी, कारखान्याची पाळी संपवून, तासाभरासाठी मचाणावर चढतो आणि अंधार पडल्यावर एकटाच उतरतो. त्याच्यासाठी चौकात कुणी ताटकळत नसतं. गर्दी त्याची त्यालाच जमवावी लागायची.

पहिली नोंद रानातच व्हायची, ती कायद्याने करावीच लागते. परवान्यासोबतच्या टॅगवर महिने आणि तारखा छापलेल्या असतात. हरीण हाती आलं की चाकूच्या टोकाने आजचा महिना, आजची तारीख खाचून काढायची आणि टॅग जनावराला बांधायचा. आजोबा ते टॅग पुढेही शिंगांवरून काढत नसत. त्यांच्या गॅरेजात फळीवर ठोकलेल्या शिंगांना ते पिवळे पडलेले कागद वर्षानुवर्षं लोंबत होते, आणि कुठलंही शिंग दाखवून विचारलं तरी कागद न वाचता ते तारीख सांगायचे.

मग हरीण पिकअपमध्ये. मागचं फळकुट मुद्दाम खाली सोडलेलं, शिंगं रस्त्यावरून दिसावीत म्हणून. टाकी भरलेली असली तरी पेट्रोल पंपावर थांबायचं. तिथे कॉफी प्यायला आलेली माणसं गाडीभोवती गोळा व्हायची. कोणाच्या रानात? किती अंतरावरून? किती धावलं? उत्तरं देता देता शिकारीची गोष्ट तयार व्हायची. तिसऱ्या वेळेला सांगताना तिचा सूर लागायचा आणि मग जन्मभर ती तशीच सांगितली जायची.

पंपावरून गाडी निघे ती नैसर्गिक संपदा खात्याच्या नाक्यावर. इथे सगळे त्याला डीएनआर म्हणतात. तिथला माणूस हरणाचा गाल ओढून विजेरीच्या उजेडात दाढा बघायचा. पुढून तिसऱ्या दाढेला तीन उंचवटे असतील तर जनावर साधारण दीड वर्षापर्यंतचं. ती दुधाची दाढ पडून जागी दोन उंचवट्यांची आली असेल तर त्याहून थोराड, मग पुढचा अंदाज दाढांच्या झिजेवरून. नंतर शिंगाच्या बुडाची जाडी मोजायची. दीड वर्षाच्या नराची ती जाडी पाहिली की त्या भागातल्या हरणांना पोटभर खायला मिळतंय की नाही, हे खात्याला समजतं. आजोबांबरोबर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या माणसाने माझं बोट धरून त्या तिसऱ्या दाढेवर टेकवलं. तीन टोकं, मधलं किंचित झिजलेलं. पुस्तकात वाचून ते कधीच लक्षात राहिलं नसतं.

नाक्यावर जायची सक्ती नव्हती. तरी लोक रांग लावायचे, कारण शेवटी हातात एक कापडी बिल्ला पडायचा. दरवर्षी नवं चित्र, त्यावर ते साल. आजोबांच्या बायकोने हे बिल्ले त्यांच्या लोकरी जॅकेटवर एकाखाली एक शिवले होते. मधली काही सालं नव्हती. ती जागा तिने रिकामी सोडली होती, पुढचा बिल्ला वर सरकवला नव्हता. त्या मोकळ्या चौकोनांबद्दल आजोबा बिल्ल्यांपेक्षा जास्त बोलत: त्या वर्षी गुडघा दुखावला, त्या वर्षी संप होता, त्या वर्षी नेम चुकला.

२०२२पासून मिशिगनमध्ये प्रत्येक शिकारीची नोंद इंटरनेटवर, ७२ तासांच्या आत करणं बंधनकारक आहे. मचाणाखाली उभं राहून, हातमोजा काढून, दोन-चार मिनिटांत ती होते. लगेच एक क्रमांक येतो. खात्याच्या दृष्टीने हे चांगलंच आहे, आता प्रत्येक हरणाचा हिशेब त्यांच्याकडे येतो. हरणांचा मेंदू पोखरणारा रोग, ज्याला इथे सीडब्ल्यूडी म्हणतात, तो मिशिगनच्या रानात २०१५ साली सापडला, तेव्हापासून अशा हिशेबाची गरजही वाढली आहे. तपासणीसाठी हरणाचं डोकं अजूनही न्यावं लागतं. पण बऱ्याच ठिकाणी ते पेटीत ठेवून, चिठ्ठी बांधून परतायचं, निकाल मागाहून इंटरनेटवर. दाढेवर बोट टेकवणारा माणूस त्या पेटीपाशी नसतो.

गावातल्या धनुष्यांच्या दुकानात गल्ल्यामागे कॉर्कचा एक फलक होता. हरीण घेऊन कुणी दाराशी आलं की दुकानदार हातातलं काम टाकून पोलरॉइड कॅमेरा घेऊन बाहेर यायचा. फिल्म महाग, म्हणून एका हरणाला एकच फोटो. डोळे मिटले तर मिटले. फोटोखालच्या पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने नाव, तारीख, वजन आणि रानाचा इलाखा, आणि मग फलकावर टाचणी. ऑक्टोबर संपेस्तोवर फलक भरत यायचा. नवे बाण घ्यायला आलेला माणूस अर्धा तास त्याच्यासमोरच उभा.

त्यातला आजोबांचा एक फोटो मला अजून तपशीलवार आठवतो. हरणाची जीभ बाहेर लोंबलेली, मानेवर वाळलेलं रक्त. आजोबांचा एक डोळा मिटलेला. मागे पिकअपच्या फळकुटावर त्यांची धाकटी लेक, झोपायच्या कपड्यांवर बापाचा कोट चढवून, दोन्ही हातांनी शिंग धरून बसलेली. कडेला एका अनोळखी माणसाची कोपरापासूनची बाही. दुकानात दुसऱ्याच कशासाठी आलेला कुणी तरी, बघायला थांबलेला.

आता फोटो फार सुंदर येतात, हे कबूल केलंच पाहिजे. शिकारी आधी ओल्या रुमालाने रक्त पुसतो, जीभ आत सारतो, हरणाचे पाय नीट दुमडतो, गुडघे टेकून मागे बसतो आणि सोनेरी उन्हाची वाट बघतो. मेलेल्या जनावराचा मान राखण्याची ही रीत मला मनापासून आवडते. जुन्या फोटोंत ती नव्हती. शिंगं मोठी दिसावीत म्हणून हात लांबवून डोकं कॅमेऱ्याजवळ धरण्याची युक्ती मात्र नावडती. पण मला खरी उणीव भासते ती त्या बाहीची. आजचे फोटो बहुतेक तिपाईवर फोन लावून काढलेले, आणि त्यात हरीण आणि शिकारी सोडून कुणीच नसतं.

मचाणावरचा कॅमेरा हीही आता रोजची गोष्ट झाली आहे. झाडाच्या खोडाला लोखंडी हात बांधून त्यावर कॅमेरा बसवायचा आणि आपली शिकार आपणच चित्रित करायची. जुन्या काळी चित्रण करायला दुसरा माणूस लागे. आणि अशा एका जुन्या चित्रणावर मिशिगनच्या धनुष्यवाल्यांचा सगळा इतिहास उभा आहे. १९११मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोविलजवळ ‘याही’ नावाच्या जमातीतला एक माणूस एकटाच वस्तीवर आला. जग त्याला ‘इशी’ म्हणून ओळखतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहत असताना त्याने आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सॅक्स्टन पोप यांना धनुष्य करायला आणि शिकार करायला शिकवलं. १९१६मध्ये क्षयाने तो गेला. पोप यांचे साथीदार आर्ट यंग पुढे अलास्कात गेले आणि तिथल्या शिकारीचा चित्रपट झाला. तो चित्रपट १९२७मध्ये डेट्रॉइटला लागला. प्रेक्षकांत फ्रेड बेअर नावाचा एक तरुण होता, पॅकार्ड मोटार कंपनीत साचे बनवण्याचं काम केलेला. त्या चित्रपटाने त्याला धनुष्याचं वेड लावलं. १९३३मध्ये त्याने डेट्रॉइटमध्ये बेअर आर्चरी सुरू केली, १९४७मध्ये ती उत्तरेला ग्रेलिंग गावी नेली, आणि पुढे आपल्याही शिकारींचे चित्रपट केले, रानातल्या डायऱ्या लिहिल्या.

‘साचेवाला होता तो, माझ्यासारखा,’ असं आजोबा दरवेळी सांगत, आणि तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. ग्रेलिंगमधलं बेअर यांचं संग्रहालय त्यांच्यासाठी पंढरपूर होतं. कारखाना १९७८मध्ये फ्लोरिडाला गेला, मागाहून संग्रहालयही हललं, तेव्हा ते किती हळहळले होते, हे त्यांची बायको सांगायची.

आणखी एक नोंद होती, तिला मात्र पोलादी फीत लागायची. पोप आणि यंग यांच्या नावाचा क्लब १९६१मध्ये स्थापन झाला, उत्तर अमेरिकेत धनुष्याने मिळवलेल्या मोठ्या शिंगांची वही ठेवण्यासाठी. शिंगं साठ दिवस वाळू द्यायची. मग प्रशिक्षित मोजणारा माणूस पाव इंच रुंदीच्या फितीने मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक टोकाची उंची, चार ठिकाणचे घेर आणि आतली रुंदी इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे, सरळ वाढीच्या शिंगांचे १२५ भरले तर वहीत नाव. जनावराला निसटायची पुरी संधी देऊन शिकार केली, असं सही करून लिहून द्यावं लागतं. ती अट मला या सगळ्या व्यवहारातली सर्वांत मोलाची वाटते. डावं-उजवं सारखं नसेल तर तेवढे गुण कापतात, हे मात्र मला कधी पटलं नाही. एखादं टोक झुंजीत मोडलेलं असतं, आणि त्या हरणाची खरी ओळख तेच असतं.

क्लबची ही वहीसुद्धा काळाबरोबर बदलली. बाणावर किंवा धनुष्यावर विजेचं काही उपकरण लावलेलं असेल तर पूर्वी शिकार वहीत घेत नसत. २०१४मध्ये धनुष्यावरचा कॅमेरा आणि बाणाच्या शेपटीला लुकलुकणारा दिवा, या दोन्हींना मोकळीक मिळाली. मला ही सुधारणा योग्य वाटते. अंधारत आल्यावर बाण कुठे लागला आणि कुठे पडला हे नक्की समजलं, तर जखमी जनावर रानात कुजत पडण्याची शक्यता कमी होते. नुसती आठवण म्हणून नव्हे, तर लगेच थांबवून, मागे नेऊन बघण्यासाठी ते चित्रण उपयोगी पडतं.

आजोबांना हे सगळं बाणच सांगायचा. त्यांचे बाण सीडरच्या काडीचे, टर्कीच्या पिसांचे, आणि पिसांखाली त्यांच्या स्वतःच्या रंगांचे पट्टे: दोन हिरवे, मधे एक पिवळा. रानात कुणालाही बाण सापडला तर तो कुणाचा हे पट्ट्यांवरून समजे. हरणातून आरपार गेलेला बाण ते उचलत आणि पिसं बोटांत चोळून बघत. गुलाबीसर, बुडबुड्यांचं रक्त म्हणजे फुफ्फुस, हरीण जवळच असणार. काळपट लाल म्हणजे यकृत, मग काही तास थांबायचं. हिरवट आणि वास मारणारं असेल तर पोट. घरी जायचं, रात्रभर वाट बघायची, आणि ती रात्र झोपेविना जायची. हरीण मिळालं की तो बाण पुन्हा कधी धनुष्याला लागत नसे. गॅरेजच्या आढ्याला ते बाण एकाशेजारी एक खोचलेले होते, पिसांवरचे डाग तपकिरी होऊन गेलेले.

त्यांच्या खिशातल्या वहीत मात्र भिंतीवर नसलेलं पुष्कळ काही होतं. वारा कुठून, थंडी किती, किती वाजता काय दिसलं. आणि माद्या. शिंगांची वही माद्यांना ओळखत नाही, भिंतीवरही त्यांना जागा नसते; पण आजोबांच्या घरचं थंडीतलं बरंचसं जेवण माद्यांच्या मांसावर व्हायचं. प्रत्येक मादीची त्यांनी नोंद ठेवली होती, आणि समोर ते मांस कुणाकुणाला दिलं त्यांची नावं. रानातल्या हरणाचं मांस विकायला इथे बंदी आहे, ते वाटताच येतं. त्या नावांत आमचं आडनाव दरवर्षी, दरवेळी नव्या स्पेलिंगने.

आता रानात दोऱ्याला बांधलेलं घड्याळ नसतं. पूर्वी पायवाटेवर दोरा ताणून ठेवत. हरणाने तो ओढला की घड्याळ बंद पडे आणि इथून इतक्या वाजता कुणी तरी गेलं, एवढंच समजे. कोण, ते नाही. आता झाडावरचा कॅमेरा रात्री तीन वाजता फोनवर फोटो पाठवतो. शिकारी त्या नराला जुलैपासून ओळखतो, त्याला नाव देतो, त्याची शिंगं मखमलीतून बाहेर येताना बघतो. म्हणजे आठवणींचा साठा शिकारीच्या कितीतरी आधी सुरू होतो. यात एक ओढ आहे, मी ती नाकारत नाही. आजोबांच्या लेकीने मला तीन वर्षं जगलेल्या एका नराचे फोटो दाखवले होते, दरवर्षी शिंग वाढत गेलेलं. तो तिला कधीच मिळाला नाही, तरी त्याच्याविषयी ती घरातल्या माणसासारखी बोलत होती.

तिचा तो फोन पुढे बंद पडला आणि त्यात तिचे काही हंगाम गेले. आजोबा वारले तेव्हा अंत्यविधीच्या हॉलमध्ये टेबलावर त्यांचं जॅकेट, धनुष्य, आणि दुकानदाराने कॉर्कच्या फलकावरून काढून दिलेले पोलरॉइड मांडले होते. माणसं फोटो हातात घेत, उलटून बघत, आणि तिला येऊन सांगत, ‘या दिवशी मी तिथे होतो.’ तिच्या स्वतःच्या शिकारींबद्दल असं सांगू शकेल असा माणूस मात्र तिला त्या हॉलमध्ये आठवेना. हे तिनेच मला नंतर, गॅरेज आवरताना सांगितलं.

तेव्हापासून हरीण मिळालं की ती आधी फोन करते. मी, माझा मुलगा, समोरच्या घरातला जो कुणी असेल तो, असे आम्ही विजेऱ्या घेऊन जातो. हरीण ओढत आणायला मदत होतेच, पण मुख्य म्हणजे आम्ही तिथे असतो. मांस ती यंत्रातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत न भरता बापासारखंच पांढऱ्या कागदात गुंडाळते आणि वर जाड पेनने लिहिते: तारीख, मादी की नर, कुठल्या कोपऱ्यातलं.

मागच्या नोव्हेंबरात एका पुड्याचा मी तांबडा रस्सा केला. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसतेच, म्हणून तेल सढळ हाताने आणि आच मंद. कांदा-लसूण चटणी मात्र कोल्हापूरहून आलेलीच. महाराष्ट्र मंडळातली दोन कुटुंबं होती, आणि ती होती. वाढता वाढता मी पुड्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचलं. झालं, सगळ्यांनी तिला घेरलं. कोपरा म्हणजे कुठला? ओकच्या झाडाचा? किती लांबून?

‘बावीस यार्ड,’ ती म्हणाली, आणि चमचा खाली ठेवला.

‘मागच्या वेळी तू वीस म्हणालीस,’ माझा मुलगा म्हणाला. ‘मी होतो ना तिथे. पावलं मीच मोजली होती. वीस.’

‘तुझी पावलं लांब पडतात,’ ती म्हणाली, आणि टेबलावरचा भाकरीचा डबा म्हणजे मचाण, पाण्याचा तांब्या म्हणजे ओक, असं मांडून सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.